जुन्या दारा-खिडक्यांचे फोटो: आधी दारासमोर सरळ उभं राहा

शनिवार पेठेत एका बोळात एक दार होतं. सागवानी, दोन फळ्यांचं, वर गणेशपट्टी (चौकटीवरची गणपती कोरलेली पट्टी), आणि डाव्या फळीवरचा हिरवा ऑइल पेंट उडून खालचं लाकूड दिसायला लागलेलं. मी चालता चालता फोन काढला, एक वाकडातिकडा फोटो मारला आणि पुढे गेलो, म्हटलं नंतर येऊन नीट काढू, दार काय कुठे पळून जातंय. सात-आठ महिन्यांनी गेलो तर पत्रे ठोकलेले, आत जेसीबी, आणि दार जुन्या लाकडाच्या वखारीत गेलेलं. आता त्या दाराचा माझ्याकडे तो एकच फोटो, त्यात गणेशपट्टी अर्धी कापलेली आणि समोर कुणाची तरी स्कूटर.

तेव्हापासून एक नियम केलाय, एका सकाळी दोन किंवा तीनच दारं, पण ती पूर्ण. पन्नास दारांचे पन्नास फोटो काढून काही हाती लागत नाही, सगळे सारखेच दिसतात. खाली जे लिहितोय ते बहुतेक पुण्याच्या पेठांमध्ये फिरून शिकलेलं आहे, पण वाई-मेणवली, सासवड, नाशिक, कोकणातली जांभ्याची घरं, पणजी, कुठेही चालेल. भारी कॅमेरा लागतोच असं नाही, माझे निम्मे चांगले फोटो फोनचे आहेत.

पहिली फेरी फोटो न काढता

हे कुणाला पटत नाही पण करून बघा. एखादी पेठ किंवा गल्ली निवडा, फोन खिशात ठेवा आणि नुसतं फिरा. आवडलेल्या प्रत्येक दाराबद्दल तीनच गोष्टी लिहायच्या: तोंड कुठल्या दिशेला (फोनमधलं होकायंत्र पुरतं), समोर मागे सरकायला किती जागा आहे, आणि दारासमोर नेहमी काय उभं असतं.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. सगळे सांगतात पहाटे जा, गर्दी नसते. माणसं नसतात हे खरं, पण गाड्या असतात ना! सकाळी साडेसहाला सगळ्यांच्या गाड्या घरासमोरच असतात, "दारासमोर गाडी लावू नये, हवा सोडण्यात येईल" या पाटीच्या बरोब्बर खाली तीन. त्यापेक्षा कामाच्या दिवशी अकरा वाजता जा, लोक ऑफिसला गेलेले असतात आणि बोळ रिकामा मिळतो. रविवार टाळाच.

उभं कुठे राहायचं

दाराचा फोटो बिघडतो तो नव्वद टक्के वेळा इथेच. आपण थोडे डावीकडे उभे असतो, फोन थोडा वर केलेला असतो, मग चौकट वर निमुळती होत जाते आणि दार मागे कलंडल्यासारखं दिसतं. लेन्सचा दोष नाही हा, फोन वर वाकवला की उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकणारच. फोनचा सपाट पृष्ठभाग भिंतीला समांतर ठेवला तर त्या सरळ राहतात.

माझी पद्धत अशी. दोन फळ्या जिथे मिळतात ती रेघ धरायची, उंबरठ्याकडे पाठ करून त्या रेघेवर टाचा आणायच्या, आणि सरळ समोर चालत जायचं. फरशी किंवा फरसबंदीचा सांधा असेल तर तोच धरून चालायचं. हवं तेवढं अंतर झालं की मागे वळायचं. आता स्क्रीनवर ग्रिड चालू करा आणि चौकटीची वरची आडवी कड ग्रिडच्या आडव्या रेघेशी लावून बघा. ती एका बाजूला उतरत असेल तर तुम्ही तिरके उभे आहात, अर्धं पाऊल सरका. उभ्या कडा वर निमुळत्या होत असतील तर फोन थोडा खाली वाकवा.

अंतराचा हिशोब सोपा आहे. फोनची नेहमीची लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरची धरली आणि फोन उभा धरला, तर अंतराच्या साधारण १.४ पट उंची फ्रेममध्ये मावते. म्हणजे दोन मीटरवरून पावणेतीन-तीन मीटर. २ एक्सला, म्हणजे दुप्पट झूमला, तेवढंच मावायला सव्वाचार मीटर लागतात. जागा असेल तर मी कायम २ एक्सच घेतो, कारण जवळून वाइडने काढलं की पुढे आलेली पायरी आणि जोतं अवाढव्य दिसतं आणि दार आत दबल्यासारखं. अल्ट्रावाइड तर या कामाला नकोच, कडेची चौकट ताणली जाते.

फोन छातीपाशी किंवा डोळ्यांपाशी, जमिनीपासून दीड मीटरवर असतो. तीन मीटरची फ्रेम असेल तर तो बरोब्बर मध्य आहे, त्यामुळे साध्या दाराला काही करावं लागत नाही. वांधे होतात उंच दरवाजांना. तिथे मोह होतो फोन वर करायचा. करू नका. आणखी मागे जा, फोन सरळच ठेवा, खाली नुसती जमीन येईल अर्धी फ्रेम, येऊ दे, घरी येऊन ती कापून टाका. पिक्सेल वाया जातात पण रेषा सरळ मिळतात. आर्किटेक्चरवाले लाखभराची शिफ्ट लेन्स वापरतात ती जवळजवळ हेच काम करते.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा यासाठी मस्त सराव आहे, समोर ऐसपैस मोकळी जागा आहे, पाहिजे तेवढं मागे जाता येतं.

आणि आता खरी गंमत. जुन्या वाड्याची चौकटच वाकडी असते. दोनशे वर्षांत एक बाजू खचलेली, वरची पट्टी मधे वाकलेली, तुम्ही कितीही सरळ उभे राहा, एक उभी कड डावीकडे जाणारच. मग सरळ कशाशी लावायचं? फोनमधल्या लेव्हलशी. चौकटीशी नाही. मी सुरुवातीला एडिटिंगमध्ये ऑटो पर्स्पेक्टिव्ह दाबून सगळं गुळगुळीत सरळ करायचो, मग एकदा एका वाड्याचा फोटो तिथल्याच काकांना दाखवला तर ते म्हणाले, "हे आमचं नाही, आमचं दार पूर्वेकडे कललंय." बरोबर होतं त्यांचं. सॉफ्टवेअरने दाराचा कल काढून टाकला होता, आणि त्या दारात बघण्यासारखं तेच होतं.

उजेड: दिशा माहीत असेल तर निम्मं काम झालं

कोरीव काम दिसतं ते सावलीमुळे. ऊन समोरून आलं तर गणेशपट्टी सपाट छापील चित्रासारखी दिसते, तेच ऊन भिंतीला घासून तिरकं आलं की प्रत्येक पाकळीची सावली पडते. म्हणून पूर्वेच्या दाराला सकाळी सातचं ऊन मिळालं तरी उपयोग नाही, ते थेट तोंडावर येतं. दहा-साडेदहाला ते वर चढतं आणि भिंतीवरून खाली उतरायला लागतं, तेव्हा काढा. तसंही अरुंद बोळात समोरच्या इमारतीमुळे त्याआधी ऊन पोचतच नाही. पश्चिमेच्या दाराला हेच उलट, दुपारी दीड-दोन.

दक्षिणेकडचं दार थंडीत दिवसभर उन्हात असतं, डिसेंबरमध्ये सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरकं ऊन पकडा.

उत्तरेकडच्या दारांना लोक सोडून देतात, ऊनच येत नाही म्हणून. हिवाळ्यात नाही येत, खरंय. पण एप्रिलपासून सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो, त्यामुळे सकाळी लवकर उत्तरेच्या भिंतीवर अगदी घासून ऊन पडतं. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस असतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, त्यानंतर जुलै संपेपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधी मेच्या शेवटचे दोन आठवडे हातात आहेत, बारा वाजता उत्तरेच्या भिंतीवर वरून खाली असं घासून ऊन येतं की खिळ्याच्या डोक्याचीही लांब सावली पडते. दिल्ली दरवाजा उत्तराभिमुखच आहे. मे महिन्यात पुण्यात दुपारी बारा वाजता फोटो काढायला बाहेर पडणारा माणूस लोकांना वेडा वाटतो, टोपी घाला आणि जा.

त्याच दरवाजाचे खिळे मात्र उन्हाशिवायही छान मिळतात. वाडा १७३० ला सुरू होऊन १७३२ मध्ये उभा राहिला, आणि या दरवाजाच्या फळीवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर फूटभर लांबीचे ७२ अणकुचीदार खिळे आहेत, नऊ आणि आठच्या रांगांमध्ये, हत्तीने धडक मारू नये म्हणून. दरवाजा उघडा असताना फळी आत येणाऱ्या उजेडाच्या दिशेतच उभी असते, त्यामुळे बाहेरचा प्रकाश फळीवरून घासत जातो. बाजूला उभं राहून दोन-तीन खिळे जवळून घ्या, मागचे आपोआप धूसर होत जातील.

ढगाळ दिवस रंगांसाठी उत्तम. पावसाळ्यात लाकूड ओलं झालं की गडद होतं आणि रेषा उठून दिसतात, जांभा तर असा लालबुंद होतो की फोन वेडा होऊन आणखी लाल करतो, सॅच्युरेशन थोडं उतरवावं लागतं.

आणि बोळातला सगळ्यात चांगला उजेड कुणी मोजतच नाही, समोरच्या भिंतीवर ऊन पडून दारावर येणारा. मऊ, एकसारखा. फक्त समोरच्या भिंतीचा रंग बघा. एकदा एक दार सगळ्या फोटोत निळसर येत होतं, कॅमेऱ्याला शिव्या घालून झाल्या, मग मागे वळून बघितलं तर समोरच्या घरावर निळी ताडपत्री. यावर उपाय म्हणजे एक साधा पांढरा कागद जवळ ठेवायचा, दारापाशी धरून एक फोटो काढायचा, आणि घरी त्या कागदावरून व्हाइट बॅलन्स लावायचा, म्हणजे कागद पांढरा दिसेल असे रंग जुळवायचे.

एक्स्पोजर

गडद दार आणि चुन्याची पांढरी भिंत असं असेल तर फोन दार उजळायला जातो आणि भिंत जळते. दारावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल, मग सूर्याच्या चिन्हावरून बोट खाली ओढून भिंतीचे पोपडे दिसेपर्यंत उजेड उतरवा. काळोखातून तपशील नंतर वर काढता येतो, जळलेला पांढरा परत येत नाही. कॅमेरा असेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा, छिद्र एफ ८, आयएसओ १०० किंवा २००, आणि शटर हातात धरून १/१२५ च्या खाली शक्यतो नको.

ऑइल पेंटची चकाकी हा वेगळा वैताग आहे. लोक पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, घ्यायला सांगतात, मीही घेतला, पण समोर सरळ उभं राहिलं की तो जवळजवळ काहीच करत नाही. तो काम करतो तिरक्या कोनात, पन्नास-पंचावन्न अंश बाजूला गेल्यावर, आणि पितळी कडी-फुल्यांची चमक तर तो तेव्हाही घालवत नाही. सरळ फोटोसाठी चकाकी टाळायची तर समोरच्या बाजूला सावली असेल अशी वेळ धरा, बाकी काही नाही. खिडकीच्या तावदानात आपलंच प्रतिबिंब येतं त्याला काळा शर्ट. गंमत वाटेल पण पांढरा शर्ट घालून गेलेला माणूस प्रत्येक काचेत भुतासारखा उभा असतो.

कशामागून काय काढायचं

दार मिळालं की माझा क्रम ठरलेला आहे. आधी पूर्ण दार, चौकट आणि चारी बाजूंना वीतभर भिंत. मग आणखी मागून, ओटा, पायऱ्या, शेजारची खिडकी, वरचा सज्जा, म्हणजे दार कशाचं आहे ते कळतं. मग जवळून: गणेशपट्टी, कडी-कोयंडा, बिजागरी, दिंडी (मोठ्या दारातलं छोटं दार) असेल तर ती, उंबरठ्याची झिजलेली मधली खोलगट जागा. उंबरठा सोडू नका, शंभर-दोनशे वर्षं माणसं नेमकी कुठे पाय टाकत आली ते तिथे दिसतं. हे जवळचे फोटो फोनच्या २ किंवा ३ एक्सने, वाइडने जवळ जाऊन नाही, नाहीतर कडीवर तुमचीच सावली.

विजेचे मीटर, वायरी, निवडणुकीचा फाटका स्टिकर हे सगळं राहू दे. मी आधी पुसायचो, आता नाही. स्कूटर मात्र हलवायला सांगतो, विचारलं की लोक हलवतात, न विचारता तुम्ही हात लावलात तर मग ऐकायची तयारी ठेवा.

खिडक्या त्रास देतात कारण त्या वर असतात. खालून काढली की परत तेच, निमुळती. समोरच्या इमारतीच्या जिन्यातून किंवा गच्चीतून, खिडकीच्याच उंचीवरून, झूमने काढा. विश्रामबागवाड्याचा लाकडी दर्शनी भाग बघा एकदा असा, १८०७ चा, सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब आणि केळफुलांचं कोरीव काम, खाली बाजीराव रस्त्याची गर्दी आणि बसचा धूर. फुटपाथवरून मान वर करून काढलेला आणि लांबून, उंचीवरून काढलेला फोटो शेजारी ठेवा, दोन वेगळे वाडे वाटतात. रत्नागिरीचा थिबा पॅलेस १९१० चा, त्याच्या अर्धगोल लाकडी खिडक्यांना उलट लांब मोकळ्या अंगणातूनच न्याय मिळतो.

आतून

आतून बाहेर काढायचं म्हणजे माजघरात काळोख आणि चौकात रणरणतं ऊन. दोन्ही दिसायला हवं असेल तर ट्रायपॉड लावून तीन फोटो, एक दोन स्टॉप कमी, एक बरोबर, एक दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), मग जोडा. मला स्वतःला ते आवडत नाही, वाड्याचं माजघर हॉटेलच्या लॉबीसारखं लख्ख दिसायला लागतं. मी बाहेरच्या उजेडावर एक्स्पोजर लावतो आणि आत काळं होऊ देतो, गज आणि झडपांची फक्त आकृती राहते. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉडला आधी परवानगी घ्यावी लागते, ते लक्षात ठेवा, भिंतीला टेकून श्वास रोखून काढायची सवय केलेली बरी.

गोव्यातल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या तर आतूनच काढायच्या. काच महाग होती तेव्हा चपटे, अर्धपारदर्शक शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांमध्ये बसवायचे. बाहेरून त्या मळकट राखाडी दिसतात, आतून बघितलं की दुधाळ उजेड. बाहेर ऊन असताना खिडकीवरच एक्स्पोजर लॉक करा आणि तिथून थोडं खाली उतरवा, प्रत्येक शिंपल्याच्या वर्तुळाकार रेघा मोजता येतात.

पण पणजीत फोंतेन्यश या जुन्या वस्तीत जाणार असाल तर जपून. तिथे लोक राहतात. पिवळ्या-निळ्या भिंतींसमोर पोज देणाऱ्यांमुळे रहिवासी इतके वैतागलेत की घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्यात. पाटी दिसली की पुढे चला, दुसऱ्याच्या पायरीवर बसून, कुंड्या सरकवून शूट करणं हा निव्वळ उद्धटपणा आहे.

पेठांमध्ये प्रश्न वेगळा असतो. वाडा पडायला आलेला, भाडेकरू-मालक वाद, नोटिसा, आणि अशात कुणी कॅमेरा घेऊन दाराकडे टक लावून उभा. कसब्यात एका दारातून आजी बाहेर आल्या आणि पहिला प्रश्न, "काय रे, महापालिकेतून आलायस का?" म्हटलं नाही हो आजी, दार आवडलं म्हणून. त्यांनी वरून खालपर्यंत बघितलं, मग म्हणाल्या "बाहेरून काय बघतोस, आत ये." आत भिंतीत एक चौकोनी भोक होतं. त्यांनी हात घातला आणि भिंतीतून अडसर बाहेर ओढला, मनगटापेक्षा जाड, दार पूर्ण आडवं जाऊन पलीकडच्या खाचेत बसणारा. दिवसा तो भिंतीच्या पोटात राहतो. त्याचं टोक हाताने धरून धरून काळं, तुळतुळीत झालेलं. बाहेर दहा तास उभा राहिलो असतो तरी हे दिसलं नसतं. म्हणून आधी विचारा, कशासाठी काढताय ते सांगा, आणि राहत्या घराचा फोटो कुठे टाकणार असाल तर लोकेशन बंद करा, घर नंबरही दिसू देऊ नका.

घरी आल्यावर

एडिटिंगला पाच मिनिटं पुरे. लेव्हल, कागदावरून व्हाइट बॅलन्स, नको ती जमीन कापणं, सावल्या किंचित वर. रंग चढवू नका, उडालेला हिरवा रंग उडालेलाच दिसला पाहिजे. फाइलचं नाव त्याच रात्री बदला: पेठ, दिशा, तारीख, वेळ. "आयएमजी ४५८२" कुठल्या दाराचा हे वर्षभराने तुम्हालाही सांगता येणार नाही, आणि परत जायचं झालं तर दिशा-वेळ लिहिलेली असली की नेमकं केव्हा जायचं ते कळतं. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, माझी एक हार्ड डिस्क गेली तेव्हा सासवडची सगळी दारं गेली.

आणि ज्यांच्या दाराचा फोटो काढला त्यांना एक प्रिंट द्या. पाच बाय सातची, मॅट कागदावर, ग्लॉसीवर लाकूड प्लास्टिकसारखं दिसतं. मी आजींना नेऊन दिली. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितली, गणेशपट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "छान आलंय. पण अडसर कुठाय?" तो काढायचाच राहिला होता, ओढून दाखवला तेव्हा मी नुसता बघत बसलो. आता परत जायचंय, दुपारी दीडच्या सुमाराला, दार लावून, आतून.